देशी कारखानदारी आणि पुरवठ्याची शाश्वती : शिरूर व दौंड तालुक्यांच्या आधारे एक चिकित्सा

एखादी वस्तू देशातच तयार होऊ लागली की तिच्या पुरवठ्याची चिंता मिटली, हे विधान २०२० नंतरच्या आर्थिक चर्चेत इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की त्याला पुरावा लागतो याचेच भान सुटू लागले आहे. शासकीय घोषणांत ते गृहीतकृत्य म्हणून येते, उद्योगपतींच्या भाषणांत ते निष्कर्ष म्हणून येते आणि विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत ते प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात सिद्धान्त म्हणून येऊन बसते. विधान सर्वस्वी खोटे नाही. परंतु ते अर्धवट आहे, आणि अर्धवट विधानावर सार्वजनिक पैसा खर्च होऊ लागला म्हणजे त्याची चिकित्सा करणे अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.

या विधानाला स्वदेशीच्या जुन्या परंपरेचा आधार दिला जातो. म्हणून प्रथम त्या आधाराचीच तपासणी केली पाहिजे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८९२ साली डेक्कन कॉलेजात हिंदी अर्थशास्त्रावर जे व्याख्यान दिले, त्यातील मुख्य प्रश्न देश केवळ शेतीवर जगू लागल्याने येणाऱ्या दारिद्र्याचा होता. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला, तेव्हा त्यामागची प्रेरणा देशी माणसाच्या हाताला काम आणि कसब मिळावे ही होती. रोजगार, कौशल्य आणि संपत्तीचा परदेशी जाणारा ओघ थांबविणे ही जुन्या स्वदेशीची तीन प्रयोजने होत. माल वेळेवर आणि अखंड मिळण्याची शाश्वती हे तिचे मुख्य प्रयोजन नव्हते. पहिल्या महायुद्धात जर्मन रंगांची आयात बंद पडून कापडधंद्याची कोंडी झाली, तेव्हा हा प्रश्न क्षणभर डोळ्यांसमोर आला खरा; परंतु तो युद्धकाळापुरता मानला गेला. आजचा युक्तिवाद जुन्या शब्दांनी नवीच गोष्ट सांगत आहे. रोजगारासाठी जे पुरेसे आहे ते शाश्वतीसाठी पुरेसे असेलच असे नाही. एखाद्या जुळणीच्या कारखान्याने पाच हजार माणसांना काम दिले तर रानड्यांचा हेतू काही अंशी सफल होतो. पण त्या जुळणीला लागणारा एक सुटा भाग बंदरात अडकला तर पाच हजार माणसे बसून राहतात.

हा फरक पाहण्यास पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड हे शेजारचे तालुके फार सोयीचे आहेत. दोहोंच्या मधून भीमा वाहते. उत्तरेस शिरूर तालुक्यात पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे; दक्षिणेस दौंड तालुक्यात पुणे-सोलापूर रस्त्यावर कुरकुंभची. पहिलीत प्रामुख्याने मोटारी, शीतपेट्या, धुलाईयंत्रे असा घराघरांत जाणारा तयार माल निघतो. दुसरीत रसायने व औषधांची मूलद्रव्ये तयार होतात, ज्यांची नावे ग्राहकाच्या कानावर कधी पडत नाहीत. आणि दोन्ही वसाहतींच्या भोवती ऊस आहे, साखर कारखाने आहेत, गुऱ्हाळे आहेत. म्हणजे तयार मालाची जुळणी, मूलद्रव्यांची निर्मिती आणि शेतमालावरील प्रक्रिया हे देशी कारखानदारीचे तिन्ही प्रकार एका दिवसाच्या फेरफटक्यात पाहता येतात.

रांजणगावचे नाव पूर्वी अष्टविनायकांतील महागणपतीमुळे घेतले जाई. पुढे फियाटचा मोटार कारखाना तेथे उभा राहिला. २००७ पासून तो टाटांच्या भागीदारीत चालू लागला, आणि २०१७ पासून जीप कंपनीची 'कंपास' ही गाडी तेथे बनून उजव्या बाजूस चक्र असणाऱ्या देशांना निर्यात होऊ लागली. एल.जी., व्हर्लपूल, हायर या गृहोपयोगी यंत्रांच्या मोठ्या कंपन्या तेथे आल्या. यांपैकी हायरच्या कारखान्याचा पूर्वेतिहास बोधप्रद आहे. तो मूळचा अँकर-देवू या नावाचा. देवू हा कोरियन उद्योगसमूह आशियाई आर्थिक अरिष्टानंतर कोसळला, आणि पुढे २००७ साली हा कारखाना चिनी कंपनीच्या हाती गेला. जमीन शिरूरची, कामगार महाराष्ट्रातील, ग्राहक देशातील. तरी त्याच्या दैवाचे दोर प्रथम सोलमध्ये आणि नंतर चिंगताओमध्ये होते. 'देशी कारखाना' या शब्दाचा अर्थ किती सैल आहे हे एवढ्यावरून ध्यानात यावे.

रांजणगावच्या मालाची शाश्वती कशावर अवलंबून आहे? शीतपेटी किंवा वातानुकूलन यंत्र यांचा प्राण कॉम्प्रेसर होय. पत्रा वाकविणे, प्लॅस्टिकचे अस्तर साच्यात ओतणे, उष्णतारोधक फेस भरणे ही कामे येथे होतात आणि चांगली होतात. परंतु देशात बनणाऱ्या वातानुकूलन यंत्रांना लागणारे कॉम्प्रेसर दीर्घकाळ मुख्यतः चीन व थायलंड येथून येत आले आहेत. मोटारीच्या बाबतीत हेच काम सूक्ष्म विद्युत्-मंडलांनी केले. २०२१ साली जगभर चिपांचा तुटवडा झाला तेव्हा लोखंड, रबर, काच, मनुष्यबळ सर्व काही हाताशी असूनही भारतातील मोटार कारखान्यांना उत्पादन कमी करावे लागले. नखाएवढ्या तुकड्यासाठी टनावारी माल अंगणात उभा राहिला.

येथे थोडे गणित उपयोगी पडेल. एका पुरवठा-साखळीत दहा कड्या आहेत असे समजा. नऊ कड्या शंभरांपैकी ९८ वेळा वचन पाळतात आणि एक दुबळी कडी केवळ ६० वेळा. कड्या परस्परनिरपेक्ष असतील तर संपूर्ण साखळी शंभरांपैकी सुमारे ५० वेळाच पार पडेल. आता शेवटची जुळणीची कडी स्वदेशात आणून ती ९८ ऐवजी १०० वेळा, म्हणजे पूर्णपणे, भरवशाची केली असे धरा. साखळीची शाश्वती ५० वरून ५१ होईल. याउलट शेवटची कडी आहे तेथेच ठेवून दुबळ्या कडीला तितकाच दुबळा, म्हणजे ६० वेळाच पुरवठा करणारा, दुसरा पुरवठादार जोडला तर शाश्वती सुमारे ७० पर्यंत चढेल. अर्थात हा लाभ ते दोन पुरवठादार निरनिराळ्या कारणांनी बंद पडत असतील तरच. दोघेही एकाच पुराने, एकाच संपाने किंवा एकाच सरकारी हुकमाने बंद पडणार असतील तर ७० चे पुन्हा ५० होतात. आकडे कल्पित आहेत. त्यांतील नाते कल्पित नाही. कडी देशी की परदेशी हा प्रश्न या हिशेबात कोठेच उपस्थित होत नाही. दुबळी कडी कोणती, तिला पर्याय आहे काय आणि मूळ व पर्याय यांवर एकच संकट येते काय, एवढेच प्रश्न त्यात येतात.

२०२० च्या पहिल्या चार महिन्यांत हे गणित प्रत्यक्ष घडले. फेब्रुवारीत चीनमधील कारखाने बंद होते आणि परदेशी कडीवर विसंबणे किती धोक्याचे आहे हे सर्वांना पटले. ३ मार्चला भारत सरकारने पॅरासिटामॉलसह २६ औषधी द्रव्ये व औषधे यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. त्या क्षणी जगातील इतर देशांच्या दृष्टीने भारत हीच बेभरवशाची परदेशी कडी ठरली. याच महिन्याच्या उत्तरार्धात औषधांची मूलद्रव्ये देशात बनावीत म्हणून ६,९४० कोटी रुपयांची उत्पादन-निगडित प्रोत्साहन योजना मंजूर झाली. त्यानंतर काही दिवसांतच, २५ मार्चपासून, देशभर टाळेबंदी लागू झाली आणि देशी कडी तुटली. एप्रिलमध्ये चीनमधील कारखाने पुन्हा धूर ओकू लागले होते, तेव्हा रांजणगावच्या परिसरातील भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कंत्राटी कामगार मराठवाड्याची, विदर्भाची, उत्तर प्रदेशाची वाट धरून चालू लागले होते. फेब्रुवारीचा धडा सर्वांनी पाठ केला. एप्रिलचा धडा धोरणाच्या चर्चेत क्वचितच आढळतो.

भीमा ओलांडून कुरकुंभला आले म्हणजे चित्र पालटते. येथील कारखाने साखळीच्या शेवटी नसून पोटात आहेत. क्लीन सायन्स या कंपनीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. ती एम.ई.एच.क्यू. नावाचे द्रव्य बनविते आणि जगातील त्याच्या सर्वांत मोठ्या उत्पादकांत तिची गणना होते. रंग, चिकटद्रव्ये, शोषक वस्त्रे यांना लागणारे ॲक्रिलिक आम्ल साठविताना आपोआप घट्ट होऊन बसण्याचा, प्रसंगी तापून फुटण्याचा धोका असतो. तो टाळण्यासाठी त्यात हे द्रव्य दहा लाख भागांत सुमारे २०० भाग, इतके अल्प मिसळतात. भाजीत हिंग पडावा तसे. पण या हिंगावाचून ते आम्ल टाकीत ठेवता येत नाही आणि जहाजातून नेता येत नाही. हे द्रव्य कुरकुंभहून चीनलाही जाते. म्हणजे ज्या देशावरील अवलंबनाची चर्चा दिल्लीत चालते, त्या देशातील काही कारखाने स्वतः दौंड तालुक्यावर काही अंशी अवलंबून आहेत. साखळीत किती खोलवर स्थान आहे यावर वजन ठरते. मालाच्या आकारमानावर नव्हे.

खोलीचे महत्त्व दुसऱ्या एका द्रावकाच्या इतिहासातून अधिक स्पष्ट होते. ॲसिटोनायट्राइल हे द्रावक औषधांची शुद्धता तपासणाऱ्या प्रयोगशाळांत रोज लागते. ते नसेल तर तयार झालेले औषध तपासता येत नाही, आणि न तपासलेले औषध बाजारात सोडता येत नाही. जगातील बहुतेक ॲसिटोनायट्राइल ॲक्रिलोनायट्राइल या प्लॅस्टिक व धाग्याच्या कच्च्या मालाचे उपउत्पादन म्हणून मिळते. २००८ साली आर्थिक मंदीने मोटारींचा खप पडला, त्याबरोबर प्लॅस्टिकची मागणी पडली. बीजिंग ऑलिंपिकसाठी चीनने कारखाने बंद ठेवले. 'आयक' वादळाने टेक्सासचा किनारा झोडपला. या सर्वांचा परिणाम म्हणून २००८-०९ मध्ये जगभरच्या औषध-प्रयोगशाळा एका द्रावकासाठी हवालदिल झाल्या. मोटारी विकल्या जात नाहीत म्हणून औषधांची तपासणी अडली, असा हा विचित्र कार्यकारणभाव होता. कुरकुंभला ज्या अल्किल अमाइन्स कंपनीचा कारखाना आहे, ती हे द्रावक वेगळ्याच मार्गाने, ॲसेटिक आम्ल आणि अमोनिया यांपासून, मुद्दाम तयार करते. मोटारींच्या मंदीशी या मार्गाचा संबंध नाही. तेव्हा या उत्पादनाने शाश्वती वाढते ती ते भारतात होते एवढ्यामुळेच नव्हे, तर त्याची रासायनिक वाट निराळी आहे म्हणून. हेच द्रावक देशात उपउत्पादनाच्या वाटेने बनविले असते तर कारखाना देशी असूनही त्याच्यावर तेच गंडांतर आले असते.

कुरकुंभच्या खोलीचेही कौतुक एका मर्यादेपर्यंतच करता येते. याच कंपनीच्या एथिल अमाइन वर्गातील द्रव्यांचा विचार करावा. ही द्रव्ये मद्यार्क आणि अमोनिया यांपासून बनतात. लिग्नोकेन या बधिरीकरणाच्या औषधाला डायएथिल अमाइन लागते. ॲट्राझिन या तणनाशकाला मोनोएथिल अमाइन लागते, आणि ॲट्राझिन उसाच्या फडात फवारले जाते. इकडे मद्यार्क परंपरेने बनत आला आहे तो मुख्यतः उसापासून. म्हणजे ऊस, मळी, मद्यार्क, अमाइन, तणनाशक आणि पुन्हा ऊस असे हे वर्तुळ आहे, आणि त्यातील ऊस कुरकुंभच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर उभा आहे. स्वावलंबनाचे याहून नमुनेदार चित्र काढता येणार नाही.

प्रत्यक्षात या वर्तुळात मद्यार्काचीच कडी ताणलेली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के मद्यार्क मिसळण्याचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे आणण्यात आले आणि २०२५ मध्ये ते गाठले गेले. इंधनासाठी शासनाने ठरवून दिलेला भाव आणि तेल कंपन्यांची हमखास खरेदी यांमुळे आसवन्यांचा माल तिकडे वळला. रसायन उद्योगाला लागणारा मद्यार्क देशाला अमेरिकेतून मोठ्या प्रमाणावर आयात करावा लागतो, आणि तो तेथील मक्यापासून झालेला असतो. त्यात २०२३ साली पाऊस कमी झाला, साखरेची टंचाई होईल या भीतीने केंद्र शासनाने ७ डिसेंबर २०२३ रोजी उसाच्या रसापासून मद्यार्क बनविण्यास बंदी केली आणि आठवडाभरातच ती अंशतः शिथिल केली. ज्या आसवन्यांनी या धोरणाच्या भरवशावर कर्ज काढून यंत्रे बसविली होती त्यांना हा आठवडा लांब वाटला असल्यास नवल नाही. या सबंध घटनेत परदेशी शत्रू कोठेही नाही, जहाज बुडालेले नाही, बंदर बंद नाही. दोन देशी धोरणे एकाच कच्च्या मालावर चालून आली आणि तिसरा देशी उद्योग मध्ये सापडला. परदेशी पुरवठादाराशी निदान करार असतो आणि तो मोडल्यास भरपाई मागता येते. स्वतःच्या शासनाच्या अधिसूचनेविरुद्ध तशी भरपाई मागता येत नाही.

आता खुद्द साखरेकडे वळता येईल. देशी कच्चा माल, देशी भांडवल, देशी यंत्रसामग्री, देशी मजूर, देशी ग्राहक आणि वर सहकारी मालकी. साखर कारखान्याइतका सर्वांगाने देशी उद्योग दुसरा नाही. 'देशी म्हणजे शाश्वत' हे समीकरण खरे असेल तर ते येथे निरपवाद खरे ठरावयास हवे. शिरूरहून न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे येणारा रस्ता या समीकरणाच्या उलटतपासणीचाच रस्ता आहे. न्हावरे येथील घोडगंगा सहकारी साखर कारखान्याची चाके अलीकडच्या काळात थांबली. चौफुल्यापुढे पाटस येथील भीमा सहकारी साखर कारखाना काही हंगाम बंद राहिला आणि २०२२ मध्ये कर्नाटकातील निराणी समूहाकडे भाडेपट्ट्याने गेल्यावर पुन्हा सुरू झाला. दोन्ही कारखान्यांच्या दाराशी ऊस होता. तुटवडा उसाचा नव्हता. खेळत्या भांडवलाचा होता, कर्जफेडीचा होता, व्यवस्थापनावरील विश्वासाचा होता. पुरवठा-साखळीच्या आधुनिक विवेचनात मालाची ने-आण तपशिलाने येते, पैशाची ने-आण येत नाही, आणि सभासदाला वेळेवर न मिळालेले उसाचे बिल तर मुळीच येत नाही. वास्तविक ते बिल हीही एक कडी आहे. ते थकले की पुढच्या हंगामात ऊस दुसऱ्या गव्हाणीत पडतो.

भीमा कारखाना बंद असताना दौंडचा ऊस फडात वाळून गेला काय? तसे झाले नाही. आलेगावचा दौंड शुगर, पाटेठाणचा श्रीनाथ म्हस्कोबा आणि आसपासचे इतर कारखाने तो नेत होते. शिवाय केडगाव, खुटबाव, दापोडी या पट्ट्यातील गुऱ्हाळे होती. तोडलेला ऊस दिवसाभरापलीकडे राहिला तर त्याचा उतारा घसरू लागतो. म्हणून ऊस उत्पादकाला दूरच्या मोठ्या कारखान्याच्या आश्वासनापेक्षा जवळ पेटलेली चूल अधिक मोलाची. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गुऱ्हाळाची गणना मागासलेल्या तंत्रात होते, कारण त्याचा उतारा कमी आणि इंधनाचा खर्च जास्त. शाश्वतीच्या दृष्टीने पाहिले तर हे मागासलेले तंत्रच दौंडच्या शेतकऱ्याचे विमापत्र ठरले. कार्यक्षमतेचा हिशेब एकेका घटकाचा होतो, शाश्वतीचा हिशेब समुदायाचा होतो, आणि दोहोंत विरोध येतो तेव्हा आजचा धोरणकर्ता पहिल्याच्या बाजूस झुकतो. प्रोत्साहन योजनांची रचना पाहावी : मोठी किमान गुंतवणूक, मोठे वाढीव उत्पादन, मोजके लाभार्थी. एका वस्तूचा एकच मोठा देशी कारखाना उभा राहिला की उद्दिष्ट सफल झाले असे मानले जाते. चीनमधील दहा कारखान्यांवरचे अवलंबन जाऊन देशातील एका कारखान्यावरचे अवलंबन आले तर शाश्वती वाढली की घटली, हा प्रश्न तरी विचारला गेला पाहिजे. रासायनिक वसाहतींत आगीचे आणि स्फोटाचे प्रसंग घडतात. कुरकुंभही त्याला अपवाद नाही.

या ठिकाणी आक्षेप घेतला जाईल की अशा चिकित्सेने परावलंबनाचेच समर्थन होते. तसे होत नाही, हे याच जिल्ह्यातील पिंपरीच्या इतिहासावरून दाखविता येईल. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साह्याने १९५४ साली तेथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले. बुरशीपासून औषध काढण्याची ही विद्या किण्वनाची आहे, आणि किण्वन हे पुस्तकातून शिकता येत नाही. बुरशीचा वाण राखणे, हवा निर्जंतुक ठेवणे, टाकी नासली तर ती का नासली हे वासावरून ओळखणे, हे वर्षानुवर्षांच्या सवयीचे काम आहे. पुढे स्वस्त चिनी मालापुढे देशातील पेनिसिलिन-जीचे उत्पादन एकामागून एक बंद पडत गेले. टाक्या गंजल्या याचे दुःख थोडे. टाक्यांजवळची माणसे निवृत्त झाली हे नुकसान मोठे. २०२४ मध्ये आंध्र प्रदेशात काकिनाडा येथे प्रोत्साहन योजनेखाली हे उत्पादन नव्याने सुरू झाले आणि पाठोपाठ आयात मालाची किमान किंमत ठरवून द्यावी अशी मागणीही पुढे आली. स्वस्ताईच्या काळात शाश्वतीचे मूल्य कोणी देऊ इच्छीत नाही आणि टंचाईच्या काळात ते विकत मिळत नाही. पिंपरीची कडी तुटली ती यामुळे. देशी उत्पादनाने मिळणारा खरा लाभ टिकून राहिलेल्या कसबाचा आहे, आणि तो लाभ हवा असेल तर स्वस्त आयातीच्या वर्षांतही त्या कसबाचा खर्च कोणी तरी सोसला पाहिजे. हा खर्च औषध घेणाऱ्या रोग्याने सोसावा, करदात्याने सोसावा की कारखानदाराने, याची उघड चर्चा होत नाही.

देशी उत्पादनाचा आणखी एक लाभ सांगितला जातो, तो म्हणजे संकटकाळी शासन हुकूम करू शकते. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूच्या बाबतीत हे दिसले. २२ एप्रिलपासून बहुतेक उद्योगांचा प्राणवायू बंद करून तो रुग्णालयांकडे वळविता आला, कारण तो देशात तयार होत होता. आयात वस्तूच्या बाबतीत हे शक्य नव्हते. पण त्याच वेळी देशात असलेला प्राणवायू महाराष्ट्रात पोहोचविण्यासाठी कळंबोलीहून रिकामे टँकर रेल्वेच्या वाघिणींवर चढवून विशाखापट्टणमला पाठवावे लागले, कारण पोलाद कारखाने पूर्वेकडे होते आणि द्रवरूप वायूचे टँकर अपुरे होते. उत्पादन देशात असणे आणि पुरवठा दारात असणे यांमध्ये हजाराहून अधिक किलोमीटरचे अंतर असू शकते. तसेच पाहिले तर शिरूर तालुक्यात रेल्वे नाही. शेजारच्या दौंडला एकोणिसाव्या शतकापासून मोठे जंक्शन आहे, तरीही रांजणगावचा माल पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरून, शिक्रापूर आणि वाघोलीच्या कोंडीतून, न्हावाशेव्याकडे जातो. या रस्त्यावरचे तास कोणत्याही प्रोत्साहन योजनेत मोजले जात नाहीत.

खोलवरच्या निर्मितीची किंमत कोठे पडते हेही सांगितले पाहिजे, कारण शाश्वतीच्या चर्चेत ते हटकून वगळले जाते. चिनी मूलद्रव्ये स्वस्त होती ती केवळ मोठ्या प्रमाणावरील उत्पादनामुळे नव्हे. तेथील नद्यांनीही त्या स्वस्ताईचा काही भाग भरला होता. चीनने पर्यावरणाचे नियम कडक करून आपले अनेक रसायन कारखाने बंद केले, तेव्हा भारतीय रसायन कंपन्यांचा भाग्योदय झाला असे समभागांच्या बाजारात म्हटले गेले. त्या भाग्याची दुसरी बाजू कुरकुंभ परिसरातील ग्रामस्थांच्या विहिरींविषयीच्या आणि सांडपाण्याविषयीच्या जुन्या तक्रारींत आहे. सांडपाणी प्रक्रियेचा खर्च टाळून मिळविलेली शाश्वती टिकाऊ नसते, हे चीननेच दाखविले. कारण एक दिवस शासन जागे होते आणि कारखाना एका नोटिशीने बंद होतो. तेव्हा प्रक्रिया केंद्राची क्षमता हीदेखील पुरवठा-साखळीचीच कडी मानली पाहिजे, पर्यावरण विभागाची वेगळी बाब नव्हे.

२०२२ च्या ऑक्टोबरअखेर रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या निर्मितीसाठी सुमारे ३०० एकरांचा समूह मंजूर झाला. त्याचा खर्च सुमारे ४९३ कोटी रुपये आणि प्रमुख घटक म्हणून आय.एफ.बी.चा शीतपेट्यांचा कारखाना असेल असे जाहीर झाले. या समूहाचे मूल्यमापन पुढे कोणी तरी करील, आणि बहुधा गुंतवणूक किती झाली आणि रोजगार किती निर्माण झाला या दोन आकड्यांवर करील. ते आकडे महत्त्वाचे आहेत. रानड्यांनीही ते विचारले असते. परंतु शाश्वतीच्या नावाने दिलेल्या पैशाचा हिशेब शाश्वतीच्याच मापाने व्हावयाचा असेल तर अभ्यासकाने कारंजाशेजारच्या उद्घाटनाच्या कोनशिलेपाशी न थांबता मालाच्या फाटकावर उभे राहून आत येणारी खोकी मोजावी लागतील : कॉम्प्रेसर कोठून आला, त्याची तांब्याची तार कोठून आली, नियंत्रक पट्टीवरची चिप कोणाची, यांपैकी कोणत्या वस्तूला दुसरा पुरवठादार आहे, आणि तो दुसरा पुरवठादारही त्याच बंदरातून, त्याच रस्त्याने, त्याच आठवड्यात येतो काय.